जुन्या मोटारींचे कागद कोणाच्या स्वाधीन करावे ?

मालवणकडील एका वाचक भगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. त्या लिहितात : "एस्. टी. सुरू होण्यापूर्वींच्या काळांत आमच्या मामंजींची एका मोटार-सर्व्हिसमध्यें भागी होती. त्यांच्यामागें माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक राहिली. तींत फोर्ड आणि शेव्हरोलेट गाड्यांचीं इंग्रजी पुस्तकें, सुट्या भागांच्या याद्या, विजेच्या तारांचे नकाशे, कोळशाच्या गॅसवर गाडी चालविण्याचें एक पत्रक आणि मामंजींच्या हातच्या चार वह्या आहेत. मुलें पुण्यास असतात. येथील घर आतां बंद करावयाचें ठरलें आहे. धाकटा म्हणतो, सर्व रद्दींत द्यावें. मुंबईचे एक गृहस्थ रंगीत चित्रांचीं तेवढीं पत्रकें विकत मागतात. बाकीचें त्यांना नको. ह्या कागदांना कोठें घर मिळेल काय ?"

प्रश्न वरवर पाहतां एका ट्रंकेचा आहे. परंतु देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर किती घरांना कुलपें लागत आहेत हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तो एका घरापुरता वाटणार नाहीं. घर मिटतांना देव्हाऱ्यांतील टाक कोणी न्यावे, तांब्यापितळेचीं भांडीं कशीं वांटावीं, ह्याबद्दल बैठकी बसतात. जमिनीचे कागद वकिलाकडे जातात. पोथ्या तांबड्या फडक्यांत बांधून कोणी तरी भक्तीनें उचलतो. माळ्यावरच्या ट्रंकेचा विचार मात्र शेवटच्या दिवशीं, हमाल दाराशीं उभा असतांना होतो. आणि तो विचार बहुधा तराजूनें होतो.

तराजूनें झालेल्या असल्या निवाड्याचा अनुभव महाराष्ट्रास नवा नाहीं. सव्वाशें वर्षांपूर्वीं पेशवाईंतील मोडी पत्रांची दशा हीच होती. ज्यांच्या घरीं तीं होतीं त्यांतील पुष्कळांना त्यांचें मोल कळत नव्हतें, आणि ज्यांना कळलें असतें त्यांना तीं कोठें आहेत हें ठाऊक नव्हतें. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गांवोगांव हिंडले, जुन्या घराण्यांचीं दप्तरें त्यांनीं धुंडाळलीं, मालकांचीं मनें वळविलीं, आणि १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड बाहेर पडला. पुढें ह्या खंडांची संख्या बावीस झाली. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें तें ह्याच तळमळीपोटीं. त्यानंतर, निदान सुशिक्षित घरांतून तरी, मोडी रुमाल वाण्याच्या पुड्यांना देणें ही लाजेची गोष्ट मानली जाऊं लागली.

यंत्राच्या कागदाला ती प्रतिष्ठा अजून मिळालेली नाहीं, आणि ह्याचें कारण स्पष्ट बोललें पाहिजे. लेखणीचें काम उंच आणि पान्याचें काम खालचें, ही समजूत आपल्या घरांत खोल मुरलेली आहे. आजोबांनीं लिहिलेली पंचांगाची टांचणें आपण कौतुकानें दाखवितों. पण आजोबांनीं एंजिन उतरवितांना घेतलेलीं मापें दाखविण्यासारखीं आहेत असें आपल्या मनांत येत नाहीं. काळ्या तेलाचा अंगठा उमटलेलें पुस्तक हें जणूं पुस्तकच नव्हे ! वास्तविक त्या ठशाइतका चांगला पुरावा दुसरा नाहीं. गाडी उघडी पडलेली असतांना, काम अडलें असतांना, हें पान कोणी तरी पाहिलें होतें, एवढें तो निश्चित सांगतो.

अशा ट्रंकेंत काय काय असतें तें आधीं नीट पाहूं. मोटार-कारखाने गाडीबरोबर मालकासाठीं एक लहान पुस्तिका देत; तेल केव्हां बदलावें, चाकांत हवा किती भरावी, एवढें तींत असे. दुसरें मोठें पुस्तक कारागिरासाठीं. एंजिन कोणत्या क्रमानें उतरवावें, झडपेची फट किती ठेवावी, ठिणगी नेमकी केव्हां पडावी, हें त्यांत मापांसह दिलेलें असे. तिसरी सुट्या भागांची यादी. तींत प्रत्येक भागाचा क्रमांक आणि भाग सुटे करून काढलेलीं चित्रें. चौथा तारांचा नकाशा, आणि पांचवें कारखान्यांतून वेळोवेळीं निघणारें सुधारणा-पत्रक. मालकाची पुस्तिका गाडीगणिक एक निघे. बाकीचीं विक्रेत्यांसाठीं व दुरुस्तीच्या कारखान्यांसाठीं असल्यामुळें कमी निघत, हाताळून फाटत, आणि नवी गाडी आली कीं जुनीं फेंकून दिलीं जात. म्हणून गाडी वांचते आणि तिचें पुस्तक नाहींसें होतें, असा प्रकार जगांत पुष्कळ ठिकाणीं घडला आहे.

पुस्तक नसलें तर काय अडतें ? कसबी मिस्त्री नुसत्या हातानें आणि कानानें गाडी सुधारील, असें कोणी म्हणेल. तें अर्धेंच खरें आहे. साध्या नटबोल्टांचें उदाहरण घ्या. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं आट्यांचें एक ठराविक माप सुचविलें. त्यांतील आट्यांचा कोन ५५ अंशांचा आहे. अमेरिकन आट्यांचा कोन ६० अंशांचा. जुन्या इंग्लिश पान्यावर बोल्टाच्या दांडीची जाडी लिहिलेली असते, तर अमेरिकन पान्यावर नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधील अंतर. इटलीच्या गाडीचा हिशेब मिलिमीटरांत. दिसण्यांत दोन बोल्ट सारखे. पण एकाच्या जागीं दुसरा बळेंच पिळला तर आटे जातात, आणि ऐंशीं वर्षांपूर्वींच्या ओतीव ठोकळ्यांतील आटे गेले कीं तसला ठोकळा पुन्हां कोठून आणावा? दुसरें उदाहरण विजेचें. फोर्डची 'मॉडेल ए' ही गाडी १९२७ ते १९३१ ह्या काळांत निघाली. तिची बॅटरी ६ व्होल्टांची असून बॅटरीचें धन टोंक गाडीच्या सांगाड्यास जोडलेलें असे. आजच्या सामान्य गाड्यांत बॅटरी १२ व्होल्टांची असते आणि ऋण टोंक सांगाड्यास जोडतात. आजचा तरुण कारागीर सवयीनें उलट जोडणी करील आणि विजेचे भाग बिघडतील. दोष त्याच्या कसबाचा नाहीं. त्याच्या हातांत जें पान असावयास हवें होतें तें नव्हतें, एवढाच आहे.

ह्या पानाला आतां कायद्याच्या दृष्टीनेंहि किंमत आली आहे. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी व चारचाकी गाड्यांची 'विंटेज' म्हणून निराळी नोंदणी सुरू केली. अशा गाडीच्या क्रमांकांत राज्याच्या अक्षरांपुढें 'व्ही ए' हीं अक्षरें येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये ठरविली गेली. तींतील महत्त्वाची अट अशी कीं, गाडी मूळ स्वरूपांत असावी. सांगाडा, बांधणी आणि एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. मूळ स्वरूप काय होतें हें ठरविण्यास गाडीच्याच काळच्या छापील कागदाहून चांगला साक्षीदार कोठून मिळणार ?

मालवणच्या ट्रंकेस ह्याखेरीज आणखी एक मोल आहे, आणि तें लंडनच्या किंवा डेट्रॉइटच्या पुस्तकास नाहीं. कोंकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली ती १९९८ सालीं. तत्पूर्वीं ह्या मुलखाचे दरवाजे मुख्यतः दोन : समुद्र आणि घाट. मुंबईची आगबोट किनाऱ्यावरील बंदरें घेत मालवणास व वेंगुर्ल्यास येई, आणि पावसाळ्यांत ती बंद राही. मग भिस्त उरे ती फोंडा, गगनबावडा आणि आंबोली ह्या वाटांनीं चढणाऱ्या मोटारींवर. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर अशी धांवली. त्यापूर्वीं रस्त्यानें प्रवाशांची ने-आण खासगी मोटार-मालकांकडेच होती. परदेशी सांगाडा आणून त्यावर लांकडी चौकटीची बांधणी येथील सुतारांकडून करवून घ्यावी, असा त्या काळीं देशभर प्रघात होता. त्यामुळें अशा गाडीचा वरचा अर्धा भाग कोणत्याहि विलायती पुस्तकांत सांपडणार नाहीं. ऐन आषाढांत एखादा भाग तुटला तर तो मुंबईहून येईपर्यंत गाडी उभी ठेवणें परवडण्यासारखें नव्हतें. तो कोणत्या लोहारानें घडवून दिला, कोणत्या गाडीचा भाग कोणत्या गाडीस चालला, घाटांत कोणत्या वळणावर एंजिनास पाणी पाजावें लागे, हें जर कोठें लिहिलेलें सांपडलें तर तें अशा वह्यांतून आणि पुस्तकांच्या समासांतूनच सांपडेल.

तें कोळशाच्या गॅसचें पत्रकच घ्या. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर निर्बंध आले तेव्हां पुष्कळ मोटारींना मागें किंवा बाजूस कोळशाची भट्टी जोडण्यांत आली. अर्धवट जळणाऱ्या कोळशांतून निघणारा वायु थंड करून, गाळून, हवेंत मिसळून एंजिनांत सोडीत. त्यांतील जळणारा अंश मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडचा. जोर पेट्रोलपेक्षां कमी पडे आणि चढणीवर तें विशेष जाणवे. राख काढणें व गाळणी साफ करणें हें काम वरचेवर करावें लागे. युद्ध संपून पेट्रोल मिळूं लागलें तशा त्या भट्ट्या भंगारांत गेल्या. त्या हातानें पेटविलेलीं माणसें आतां फारशीं उरलीं नाहींत. वस्तु गेली, माणसें गेलीं, आणि मागें चार घड्यांचें एक पत्रक राहिलें. रद्दीच्या तराजूंत त्याचें वजन तें किती भरणार !

आपल्या प्रांतांतील मोटार-धंद्याचा इतिहासहि अशाच विखुरलेल्या कागदांत आहे. जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडी येथें १९२८ सालीं जुळणीचा कारखाना काढला. १९५४ सालीं तो बंद झाला. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली फियाट, जी पुढें 'पद्मिनी' ह्या नांवानें ओळखली गेली, तिनें मुंबईची टॅक्सी म्हणून कोंकणच्या किती चाकरमान्यांना बोचक्यांसह स्टेशनावर नेऊन सोडलें असेल त्याची गणती नाहीं. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून नाहींशी झाली. जी वस्तु कालपर्यंत पावलोपावलीं दिसत होती तिचे कागद जपावे असें कोणाला सुचत नाहीं. सुचतें तेव्हां ते मिळत नाहींत.

घाटापलीकडील इचलकरंजीचें उदाहरण ह्याहून बोलकें आहे. तेथील शंकरराव कुलकर्णी यांनीं, महाविद्यालयीन शिक्षणाचा आधार नसतां, स्वतःच्या बुद्धीनें लहान मोटार बनविण्याचा ध्यास घेतला आणि १९४९ सालीं पहिला नमुना सिद्ध केला. 'मीरा' ह्या नांवानें ती गाडी प्रसिद्ध झाली. नमुन्यामागून नमुना सुधारीत त्यांनीं आयुष्याचीं पंचवीस वर्षें ह्या कामीं वेंचलीं. धक्के शोषण्यासाठीं रबराचा उपयोग करण्याची योजनाहि त्यांनीं केली. १९७५ पर्यंत खटपट करूनहि ती गाडी कारखान्यांतून विक्रीसाठीं कधीं निघाली नाहीं. आतां विचार करा. फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ ते १९२७ ह्या काळांत दीड कोटीवर निघाली. तिचें एखादें पुस्तक मालवणांत वाळवीनें खाल्लें तरी जगांत दुसरीकडे सांपडेल. परंतु जी गाडी विक्रीस आलीच नाहीं, तिच्या आराखड्यांच्या छापील प्रति कोण काढणार ? असले आराखडे ज्या घरांत जन्मले त्याच घराच्या हातीं त्यांचें जीवन-मरण असतें.

म्हणून ट्रंक उघडतांना पहिला प्रश्न "हें किती जुनें आहे ?" असा नसावा, आणि "ह्याचे किती येतील ?" असा तर नसावाच. "ह्याची दुसरी प्रत जगांत असूं शकेल काय ?" असा असावा. ह्या एका प्रश्नानें ट्रंकेचे तीन ढीग आपोआप पडतात.

पहिला ढीग कारखान्यांत छापलेल्या, कोऱ्या, हातच्या खुणा नसलेल्या पुस्तकांचा. ह्यांचें घर म्हणजे त्या गाड्या जेथें आज चालत्या आहेत तें. मुंबईचा 'व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया' किंवा हरयाणांत तावडू येथें २०१३ सालीं उघडलेलें 'हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम' अशांकडे यादी पाठवून विचारणा करावी. हीं पुस्तकें एकमेकांपासून वेगळीं झालीं तरी हानि नाहीं. फोर्डचें फोर्ड बाळगणाऱ्यास जावें, शेव्हरोलेटचें शेव्हरोलेटवाल्यास. रंगीत पत्रकें मागणाऱ्या गृहस्थांनाहि तीं देण्यास हरकत नाहीं. मात्र आधीं नक्कल करून घ्यावी, आणि बाकीच्या कागदांची व्यवस्था लागल्यावर द्यावीं. साय काढून घेतलेल्या दुधास गिऱ्हाईक मिळत नाहीं.

दुसरा ढीग हातानें लिहिलेल्या सर्व कागदांचा : वह्या, आराखडे, पत्रें, भाड्याचे हिशेब, परवाने, वेळापत्रकें. छापील पुस्तकाच्या समासांत पेन्सिलीनें मराठींत चार शब्द लिहिलेले असले तर तें पुस्तकहि ह्याच ढिगांत पडतें, कारण त्या चार शब्दांनीं त्याची दुसरी प्रत नाहींशी केली. हा ढीग फोडूं नये. एका माणसाचे किंवा एका पेढीचे कागद एकत्र आणि मूळच्या क्रमानें ठेवावे, हा दप्तरखान्यांचा सर्वमान्य नियम आहे. वहींत "जुन्या गाडीचा भाग बसविला" एवढेंच असतें. ती जुनी गाडी कोणती, हें परवान्यावरून कळतें. तो भाग कां तुटला, हें एखाद्या पत्रावरून. तिघांना तीन गांवीं पाठविलें कीं तिघेहि मुके होतात.

ह्या दुसऱ्या ढिगाचें घर शक्य तितकें जवळ असावें. परदेशांतील अनुभव ह्याला पोषक आहे. इंग्लंडांत ब्यूली येथें लॉर्ड माँटेग्यू यांनीं वडिलांच्या स्मरणार्थ १९५२ सालीं आपल्या राहत्या वाड्याच्या दर्शनी दालनांत मोजक्या गाड्या मांडून प्रारंभ केला. आज तेथील राष्ट्रीय मोटार संग्रहालयाजवळ गाड्यांबरोबर ग्रंथ, छायाचित्रें व कागदपत्रें यांचाहि मोठा संग्रह आहे. १९३४ सालीं निघालेला तेथील 'व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब' सभासदांसाठीं ग्रंथालय चालवितो. अमेरिकेंत डेट्रॉइटच्या सार्वजनिक ग्रंथालयांत मोटारींच्या इतिहासाचा स्वतंत्र विभाग आहे. हें शेवटचें उदाहरण आम्हांस विशेष महत्त्वाचें वाटतें. गांव ज्या धंद्यावर जगलें त्या धंद्याचे कागद गांवच्या ग्रंथालयानें सांभाळले. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी हे जिल्हे ग्रंथालयांच्या बाबतींत दरिद्री नाहींत. रत्नागिरीचें नगर वाचनालय १८२८ सालचें, सावंतवाडीचें श्रीराम वाचन मंदिर १८५२ सालचें. मोटार घाट कशी चढली हाहि ह्या मुलखाचा इतिहास आहे, आणि तो लिहूं पाहणारा अभ्यासक तावडूस जाण्यापूर्वीं येथें येईल. ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळास आधीं पत्र लिहून, यादी जोडून, विचारावें. अचानक ट्रंक नेऊन दाराशीं उतरवूं नये. त्यांजकडे जागा नसेल तर राज्याच्या पुराभिलेख विभागाचा सल्ला घ्यावा.

तिसरा ढीग भिजून एकमेकांस चिकटलेल्या, दुबार आलेल्या, पानें गळालेल्या छापील कागदांचा. ह्यांतील वाचतां येईल त्याचें छायाचित्र घेऊन बाकीचें नि:शंक मनानें रद्दींत द्यावें. सर्वच जपूं म्हणणाऱ्याच्या हातून बहुधा कांहींच जपलें जात नाहीं.

देण्यापूर्वींची तयारी घरींच होते आणि तिला फारसा खर्च नाहीं. प्रथम यादी. प्रत्येक कागदापुढें गाडीचें नांव, छापलेलें असल्यास साल, पानांची संख्या, स्थिति, आणि त्यावर हाताचें लिखाण आहे कीं नाहीं, एवढें लिहावें. मग नक्कल. मुलांच्या मोबाइलवर हें काम दोन सुट्यांत होईल. पान सपाट ठेवून, दिवसाच्या सावलींतील उजेडांत, समासासकट पूर्ण पान घ्यावें. कोरें पानहि वगळूं नये, म्हणजे मागाहून शंका राहत नाहीं. चित्रांच्या दोन प्रति दोन ठिकाणीं ठेवाव्या. १९५७ च्या कायद्याप्रमाणें, कर्त्याचें नांव न देतां छापलेल्या लिखाणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनीं संपतो. म्हणून १९४८ पूर्वींच्या अशा कारखानी पुस्तकांची नक्कल 'इंटरनेट आर्काइव्ह'सारख्या सार्वजनिक संग्रहावर ठेवण्यास सामान्यतः अडचण येऊं नये. तेथें ठेवलेलें पान घरबसल्या कोणासहि पाहतां येतें, आणि पुण्याच्या मुलांनाहि आजोबांचें अक्षर दिसत राहतें.

कागदांची निगा कशी राखावी हें आपल्या वडील माणसांना पोथ्यांवरून ठाऊक आहेच. कोरड्या स्वच्छ फडक्यांत बांधावें, वेखंडाचा तुकडा ठेवावा, ट्रंक जमिनीपासून उंच व भिंतीपासून दूर असावी, चैत्र-वैशाखांत सावलींत वारा द्यावा. यंत्राच्या कागदांसाठीं चार गोष्टी अधिक. गंजलेल्या टांचण्या हलक्या हातानें काढाव्या. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावूं नये. तिचा डिंक पुढें पिवळा पडून कागद खातो. प्लास्टिकचें आवरण उष्णतेनें चिकटवून घेऊं नये. आणि निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचे आराखडे असतील तर त्यांना फार जपावें. ही छपाईची रीति जॉन हर्शेल यानें १८४२ सालीं शोधून काढली. तिचा निळा रंग उजेडानें फिकटतो आणि चुन्यासारख्या क्षारांनीं नासतो; तेव्हां नुकताच चुना दिलेल्या खोलींत असे आराखडे ठेवूं नयेत.

देतांना लेखी द्यावें. यादीच्या दोन प्रति कराव्या, एकीवर घेणाऱ्यांची सही असावी. वाचकांस हे कागद पाहावयास मिळतील काय, आणि पुढें कधीं ते संस्थेस नकोसे झाले तर कोणास देतील, ह्या दोन गोष्टींचा खुलासा करून घ्यावा. ह्यापलीकडे अटी घालूं नयेत. स्वतंत्र कपाट आणि संगमरवरी पाटी मागणाऱ्या दात्यांमुळें पुष्कळ संग्रह दारांतच अडतात. पहिल्या पानावर "अमुक यांच्या संग्रहांतून" एवढी ओळ पुरे.

शेवटीं एक काम असें आहे कीं तें कोणतें ग्रंथालय किंवा क्लब करूं शकणार नाहीं. पुस्तकें इंग्रजींत होतीं. तीं मालकानें वाचून सांगावीं आणि मिस्त्रीनें हातानें करावीं, असें काम बहुतेक ठिकाणीं चाले. वहींतील अक्षर मालकाचें असलें तरी त्यांतील युक्ति पुष्कळदां मिस्त्रीची, सुताराची, लोहाराची किंवा रात्रीं घाटांत दगड लावून गाडी अडविणाऱ्या क्लीनरची असते. त्यांचीं नांवें कागदावर क्वचितच येतात. घरांतील वडील माणसांना तीं नांवें अजून आठवत असतील. कोण कोठला, कोणत्या कामांत तरबेज, एवढें जरी दोन पानांवर लिहून वह्यांबरोबर ठेवलें तरी त्या वह्यांचें मोल दुप्पट होईल. कागद वाळवीपासून वांचविण्याचे उपाय आहेत. आठवणींना तसा उपाय नाहीं. म्हणून हीं दोन पानें आधीं लिहावीं, यादी मृग लागण्यापूर्वीं पुरी करावी, आणि संस्थांशीं पत्रव्यवहार पावसाळ्यांत सावकाश होऊं द्यावा.